देवाची हाक, देवाचा कौल

या वेळच्या टपालात देवाच्या कोपाविषयीची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आहेत. कुणाचा नवस राहून गेला आहे, कुणी कौल, म्हणजे विचारल्यावर देवाने दिलेले उत्तर, मोडला आहे, कुणाला बायबलातल्या न्यायाविषयी विचारायचे आहे. त्यांतली सात पत्रे इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (एक वाचिका, डिचोली तालुका) : माझे यजमान लहानपणी खूप आजारी होते, तेव्हा सासूबाईंनी कसलासा नवस बोलला होता म्हणे. त्या गेल्या आणि नवस तसाच राहिला. दोन वर्षांपासून घरात एक मिटलं की दुसरं उभं राहतं. एका गृहस्थांनी सांगितलं, देव कोपलाय, मोठी शांत करावी लागेल. देव असा कोपतो का? आणि नवस काय होता तेच माहीत नसेल तर तो फेडायचा कसा?

उत्तर : सत्यनारायणाची कथा तुम्ही कितीदा तरी ऐकली असेल. पाच अध्यायांच्या त्या कथेत साधुवाण्याची गोष्ट आहे, ती या वेळी फक्त नवसाकडे लक्ष ठेवून ऐका. भद्रशीला नदीच्या काठी उल्कामुख राजा पूजा करत होता. ती पाहून साधुवाणी म्हणाला, मला मूल झालं तर मीही हे व्रत करीन. मुलगी झाली, कलावती. बायकोने, लीलावतीने, आठवण करून दिली. तो म्हणाला, मुलीच्या लग्नात करू. मुलगी मोठी झाली, कांचनपूरचा मुलगा पाहून लग्नही लागलं, आणि नवस काही त्याला आठवला नाही. रत्नसारपुरात चोरीचा आळ आला, सासरा-जावई बंदीत पडले, ते त्यानंतर. मूल जन्मल्यापासून तिचं लग्न होईपर्यंतची सगळी वर्षं देव गप्प होता. मध्ये एकदा बायकोच्या तोंडून आठवणही दिली. विसरणाऱ्याला या कथेत इतकी सवलत आहे, आणि शिक्षा आली आहे ती आठवण दिल्यावरही पुढे ढकलणाऱ्यावर.

तुमच्या घरी तसं झालेलं नाही. नवस बोलणारी व्यक्ती गेली, मागे राहिलेल्यांना तो ठाऊकच नव्हता. जाणूनबुजून केलेल्या चुकीचं प्रायश्चित्त नकळत झालेल्या चुकीच्या दुप्पट, असा स्मृतिग्रंथांचा दंडक आहे. ‘माहीत होतं का?’ हा प्रश्न शास्त्र आधी विचारतं. तुमच्या त्या गृहस्थांनी तो विचारलेला दिसत नाही.

कथेतली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. साधुवाणी बंदीत असताना काहीच करत नाही. पूजा करतात त्या घरी राहिलेल्या लीलावती आणि कलावती. नवस त्याचा, फेडला बायकामुलीने, आणि तो पोचला. म्हणजे सासूबाईंचा नवस सुनेने फेडायला कसलीही आडकाठी नाही.

आता करायचं काय ते क्रमाने सांगतो. आधी चौकशी करा. यजमानांची आत्या, मावशी, शेजारच्या म्हाताऱ्या बायका, कुणाला तरी काही आठवत असतं. कोणत्या देवाला, कोणती वस्तू आणि कशासाठी, एवढंच विचारायचं. ‘आमच्यावर कोप आहे का’ हे विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाला प्रत्येक जण होच म्हणतो. नवस कळला तर पुढच्या सोयीच्या दिवशी तो जसाच्या तसा फेडा. त्यासाठी कुणाचा कौल घ्यावा लागत नाही.

काहीच कळलं नाही तर कुलदेवतेच्या देवळात जा. नारळ, विड्याची पानं, सुपारी, फुलं आणि यथाशक्ती दक्षिणा एवढं न्यायचं. भटजींना सगळी हकीकत आधी सांगायची, म्हणजे ते गाऱ्हाण्यात, देवापुढे मांडायच्या विनंतीत, नीट घालतील. ती अशी : अमक्याच्या आजारात त्याच्या आईने नवस बोलला होता, काय ते आम्हाला ठाऊक नाही, हे त्याच्या ऐवजी मान्य करून घे, आणि कमी पडलं असेल तर सांग. नारळ ठेवायचा, नमस्कार करायचा. ज्यांच्यासाठी नवस बोलला होता ते तुमचे यजमान स्वतः तिथे हवेत.

लोक यात नेमकं कुठे चुकतात तेही सांगायला हवं. भीतीपोटी नवस दुप्पट करतात, मग तो झेपत नाही आणि पुन्हा राहतो. दुसरी चूक म्हणजे जुना फिटायच्या आत त्याच्यावर नवा नवस बोलणं. आणि ‘मुलाच्या मुंजीत करू, घर भरणीच्या वेळी करू’ असं म्हणून दुसऱ्या कार्याला जोडणं, ही तर थेट साधुवाण्याचीच चूक.

मोठ्या शांतीचं म्हणाल तर सत्यनारायणाच्या कथेतच प्रसादाचं साहित्य सांगितलं आहे : केळी, तूप, दूध, गव्हाचा रवा, साखर, सगळं सव्वा मापाने. आणि लगेच पुढे, गहू नसेल तर तांदळाचं पीठ, साखर नसेल तर गूळ. म्हणजे आपल्या गोव्यातल्या शेतकऱ्याच्या घरात जे असतं ते. घरात नाही ते आण म्हणून तो देव अडून बसत नाही. तेव्हा ज्या विधीचा खर्च ऐकून पोटात गोळा येतो, तो कुणी सांगितला याची आधी खात्री करून घ्या.

प्रश्न (पेडणे) : घराची जागा घेताना ग्रामदेवतेला कौल लावला होता. डावा आला. आमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता म्हणून जागा घेतली. देवाचं ऐकलं नाही, आता पुढे काय?

उत्तर : कौल म्हणजे काय हे आधी नीट पाहू. म्हणजे तुमची निम्मी भीती उतरेल.

प्रसाद किंवा कौल लावताना भट वा गुरव फुलांच्या कळ्या, पाकळ्या नाहीतर तुळशीची पानं पाण्यात भिजवून देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूंना लावतो. किती लावायच्या, कुठे लावायच्या, कोणतं फूल चालतं, हे देवळागणिक वेगळं. वारही ठरलेले असतात. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. बराच वेळ काहीच सुटलं नाही तर देव आज बोलत नाही असं मानून उठतात.

पाकळी चिकटते ती पाण्याच्या पातळ थरावर, आणि पाणी सुकलं की सुटते. म्हणून जाणते गुरव कौलाच्या वेळी गाभाऱ्याजवळचा पंखा बंद करायला लावतात, दोन्ही बाजूंच्या कळ्या सारख्या भिजलेल्या आणि सारख्या वजनाच्या घेतात, आणि प्रश्न सुटसुटीत मांडतात. बहुतेक गोंधळ प्रश्नातच असतो. ‘ही जागा घेऊ का आणि तिथे दुकान काढू का’ हे दोन प्रश्न झाले. डावा आला तर नकार कशाला, जागेला की दुकानाला? ‘आमचं बरं होईल का’ हा तर कौलाचा प्रश्नच नव्हे. एका प्रश्नात एकच गोष्ट, करू की नको, एवढंच. तुमच्या वेळी काय शब्द होते ते आठवून पाहा.

हवा तसा कौल येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा, हीसुद्धा नेहमीची चूक. दोन देवळांत एकच प्रश्न नेऊन जो सोयीचा तो मानायचा, हीही. अशा कौलाला जुने गावकर किंमत देत नसत, आणि ते बरोबरच होतं.

कौल हा सल्ला आहे, निवाडा नव्हे. वडीलधाऱ्याने ‘नको’ म्हटलं आणि आपल्याला करावं लागलं, तर आपण काय करतो? जाऊन सांगतो. तसंच इथे. त्याच देवळात गाऱ्हाणं घाला : तू नको म्हणालास, आम्हाला घ्यावं लागलं, आता सांभाळ. मग नकारामागे काही कारण असेल ते शोधा. जागेची कुळं, वाट, पाण्याचा निचरा, कुणाचा हक्क राहिलाय का, याची कागदोपत्री चौकशी केली नसेल तर आता करा. डाव्या कौलानंतर तेवढी तरी काळजी घ्यायलाच हवी होती. घाबरून घर विकू नका.

प्रश्न (फोंडा तालुका) : म्हार्दोळच्या म्हालशेच्या घंटेखाली खोटी शपथ घेणारा तीन दिवसांत मरतो, असं लहानपणापासून ऐकलं. जमिनीच्या वादात भावाला तिथे शपथेला बोलवावं असं मनात आहे.

उत्तर : बोलवू नका. परंपरा अशी आहे की ती मोठी घंटा एरवी लोळीशिवाय, म्हणजे आतल्या लोलकाशिवाय, असे. साक्ष द्यायची वेळ आली की तेवढ्यापुरती लोळी बांधत, आणि घंटेचा नाद चालू असताना खोटं बोलणाऱ्याला देवी तीन दिवसांत शिक्षा करते असा विश्वास होता. पोर्तुगीज अमदानीत न्यायालयदेखील ती साक्ष मानत असे, असं सांगतात. लोळी रोज का बांधलेली नसे, याचा विचार करा. एवढी जड शपथ ऊठसूट घ्यायची नसते. ती घ्यायची ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची : मी त्या रात्री अमक्याला तिथे पाहिलं, पैसे मोजून दिले. जमीन कुणाच्या वाटणीची हा हक्काचा प्रश्न आहे. त्यात दोघे भाऊ अगदी मनापासून वेगवेगळं बोलू शकतात, दोघांपैकी कुणीही खोटारडा नसतो. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काच्या नोंदीचा कागद) काढा, जुनी दस्तावेजं काढा, आणि जुळलं नाही तर इन्व्हेंटरीचा (वारशाच्या वाटणीचा) दावा घाला. भाऊ शपथेला तयार झाला आणि उद्या त्याला साधा ताप आला, तरी तुमच्या घरात ते कायमचं राहील.

प्रश्न (मडगाव) : आमचे शेजारी कॅथलिक. त्यांच्या घरी ‘देवाची हाक नाकारली की न्याय’ असा विषय निघतो, पुष्कळदा प्रलय आणि आगीचीच वर्णनं ऐकू येतात. मराठीतून हे नीट समजून घ्यायचं आहे. बायबल नेमकं काय म्हणतं?

उत्तर : गोव्यात हा विषय मराठीला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातल्या कथा ओवीबद्ध मराठीत लिहिल्या, आणि 1616 साली ते पुराण राशोलला छापलं गेलं. आज गद्य मराठी बायबल सहज मिळतं, तेच घ्या. बायबल हा अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. सुरुवात त्यातल्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकापासून करू नका. तिथली चित्रं आधीचं सगळं वाचलेल्यांसाठी आहेत. नव्या वाचकाला त्यांतून फक्त धसका मिळतो.

पहिल्यांदा योना वाचा. 4 अध्याय, 48 वचनं, एका बैठकीत होतं. देव योनाला सांगतो, निनवे शहराला जा. निनवे पूर्वेला, आणि हा याफो बंदरावर जाऊन, भाडं भरून पश्चिमेच्या तार्शीशाला जाणाऱ्या जहाजावर चढतो. हाक ऐकू आली नाही असं नाही. ऐकली म्हणूनच उलट्या दिशेला गेला. पुढे तो निनवेत पोचतो आणि घोषणा करतो : चाळीस दिवस, मग निनवे उलथून पडेल. मूळ हिब्रूत हे जेमतेम पाच शब्द आहेत. ‘पश्चात्ताप केलात तर वाचाल’ असंही त्यात नाही. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, आणि देव शिक्षा मागे घेतो. राग येतो तो योनाला. शिक्षेची घोषणा खरी व्हावी म्हणून नसते, टळावी म्हणून असते, हे या छोट्या पुस्तकाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग आमोसचा चौथा अध्याय. दुष्काळ, भूक, पिकावरचा तांबेरा आणि टोळ, साथ आणि तलवार, शहरांचा विध्वंस, असे एकामागून एक तडाखे सांगितले आहेत, आणि प्रत्येकानंतर तेच वाक्य : तरी तुम्ही माझ्याकडे फिरला नाहीत. पाच वेळा. पावसाचं वर्णन तर शेतकऱ्याला लगेच कळेल. कापणीला तीन महिने असताना पाऊस थांबला, एका गावात पडला, शेजारच्या गावात नाही. वाचताना ते वाक्य दर वेळी मोठ्याने वाचा. त्यात धमकीपेक्षा खंत जास्त ऐकू येते.

तिसरा यिर्मयाचा 36 वा अध्याय. तेवीस वर्षं सांगूनही लोक ऐकत नाहीत, असं यिर्मया हा संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा, आधीच म्हणून गेला आहे. आता तो आपले सगळे शब्द बारूख नावाच्या लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहवून घेतो. ती गुंडाळी राजा यहोयाकीमपुढे वाचली जाते. नववा महिना, थंडी, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेऊन तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. तिघे दरबारी विनवतात, जाळू नका. तो ऐकत नाही. अख्खी गुंडाळी जळते. राजाने आणि त्याच्या सेवकांनी वस्त्रं फाडली नाहीत, असं तिथेच नोंदवलं आहे. वस्त्रं फाडणं ही तिथे दुःखाची आणि पश्चात्तापाची खूण. कारण याच राजाच्या बापाने, योशीयाने, असंच एक पुस्तक ऐकून स्वतःची वस्त्रं फाडली होती. राजाने गुंडाळी कापली याला आणि वस्त्रं फाडली नाहीत याला हिब्रूत एकच क्रियापद आहे. बापाने कपडे फाडले, लेकाने ग्रंथ. आणि पुढे? यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाने सगळं पुन्हा लिहिलं, वर तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर घातली. यरुशलेम पडलं ते सुमारे इ.स.पू. 586 मध्ये, म्हणजे या प्रसंगानंतर जवळजवळ अठरा वर्षांनी.

शेवटी लूक, 14 वा अध्याय, मेजवानीचा दाखला. तिघांच्या सबबी बघा. एकाने शेत घेतलंय, ते पाहायचंय. एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या जुंपून बघायच्यात. एकाचं लग्न झालंय. यात पाप एकही नाही. शेत, बैल, बायको, सगळी चांगलीच कामं. पण एक बारीक गोष्ट सुटते : आमंत्रण त्यांना आधीच गेलेलं होतं. ही दुसरी हाक. आपल्याकडे नाही का, आधी अक्षता देतात आणि कार्याच्या दिवशी ‘चला, पानं मांडली’ म्हणून पुन्हा बोलवायला येतात. पहिल्या वेळी हो म्हणून पानावर न बसणं, हा तो नकार. मेजवानी काही थांबत नाही. गल्लीतले गरीब, पांगळे, आंधळे येऊन बसतात. सबब सांगणाऱ्यांना वेगळी शिक्षा तिथे सांगितलेली नाही. ते जेवणाला मुकतात, एवढीच.

कॅथलिक शिकवणीत महापाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर असणं, तिची पूर्ण जाणीव असणं आणि स्वतःच्या इच्छेने ते केलेलं असणं. तिन्हींतली एक नसली तरी ते महापाप होत नाही. वर डिचोलीच्या वाचिकेला जे लिहिलं, त्याच्याशी हे ताडून पाहा.

प्रश्न (सत्तरी) : 2021 च्या जुलैतल्या पुरात आमच्या भागातली घरं पडली. देवीच्या उत्सवात खंड पडला म्हणून हे झालं, असं काही जण अजून बोलतात. ज्यांची घरं पडली त्यांत लहान मुलंही होती. हा न्याय कसा?

उत्तर : असं बोलणाऱ्यांना दोन जुन्या कथा सांगा.

लूकच्या 13 व्या अध्यायात येशूला विचारतात त्याचा सूर असाच आहे. तो उलट विचारतो : शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या इतरांहून जास्त अपराधी होती असं वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पण तिथेच ऐकणाऱ्यांनाही सांगतो की तुम्ही फिरा. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब करायचा नाही, जिवंत आहेत त्यांनी आपला करायचा. लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो आणखी एक वर्ष राहू दे, भोवती खणतो, खत घालतो.

दुसरी कथा महाभारताच्या आदिपर्वातली. चोरीच्या खोट्या आळावरून मांडव्य ऋषीला सुळावर चढवलं. त्याने यमधर्माला जाब विचारला, कोणत्या पापाचं हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य म्हणाला, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्याने धर्मालाच शाप दिला, म्हणून धर्म विदुर होऊन जन्मला. आणि मांडव्याने मर्यादा घातली : चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पाप लागणार नाही. न्याय करणाऱ्या देवालाही इथे जाब द्यावा लागला, आणि तो त्याने मान्य केला. मुलांच्या घरांवर पूर आला तो त्यांच्या किंवा आईबापांच्या पापामुळे, असं म्हणायची आपल्या परंपरेत सोय नाही. बायबलातला यहेज्केल संदेष्टाही आपल्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे कुणी बोलायची नाही असं बजावतो.

उत्सवात पडलेला खंड भरून काढा, ती वेगळी गोष्ट. पण नदीच्या पात्रालगत भराव कुणी घातला, ओहळाचं तोंड कशाने बुजलं, हे ग्रामसभेत विचारायचं सोडून देवीचं नाव पुढे करू नका.

प्रश्न (म्हापसा) : देवाची हाक ओळखायची कशी? मनातला विचार कोणता आणि देवाचा कोणता?

उत्तर : यावर सर्वांत उपयोगी कथा शमुवेलाची आहे. बायबलातलं पहिलं शमुवेल हे पुस्तक, दुसऱ्या अध्यायाच्या 12 व्या वचनापासून चौथ्याच्या 18 व्या वचनापर्यंत सलग वाचा. तिसराच वाचलात तर निम्मं कळेल.

मुलगा देवळात झोपलेला असतो. हाक येते, तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो : मला बोलावलंत? एली म्हणतो, नाही, जा, झोप. असं तीन वेळा होतं. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं आणि तो शिकवतो, आता हाक आली की म्हण, बोल, तुझा सेवक ऐकतो आहे. चौथ्या हाकेला मुलगा तसं म्हणतो. यातलं घेण्यासारखं असं : हाक पुन्हा येते, एकदाच येऊन जात नाही. ती ओळखायला जाणत्या माणसाची मदत लागते. आणि जो निरोप मिळतो तो आपल्या सोयीचा असेलच असं नाही. शमुवेलाला मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. पोर सकाळपर्यंत पडून राहिलं, मग उठून देवळाची दारं उघडली, पण सांगायला धजेना. एलीनेच आग्रह करून सगळं वदवून घेतलं.

हाच एली. त्याचे दोघे मुलगे देवाला वाहिलेलं मांस आधीच बळजबरीने नेत. त्याला ते ठाऊक होतं. तो एकदा त्यांना रागावला आणि तिथेच थांबला. एका देवमाणसाने येऊन इशारा दिला, तरी त्याने त्यांना त्या कामावरून काढलं नाही. दुसऱ्याच्या हाकेचा अर्थ सांगणारा स्वतःला आलेल्या इशाऱ्यावर बसून राहिला. लढाईत मुलगे मेल्याची आणि देवाच्या कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेल्याची बातमी आली तेव्हा तो 98 वर्षांचा होता, दिसत नव्हतं, वेशीजवळ आसनावर बसला होता. कोशाचं नाव ऐकताच मागे कोसळला आणि मान मोडून गेला.

तेव्हा मनात आलेला विचार देवाचा की आपला हे पाहताना थोडं थांबा. तो पुन्हा येतो का, एखाद्या शहाण्या आणि निःस्वार्थी माणसाला सांगितल्यावर टिकतो का, आणि तो तुमच्याच हिताचा आहे की तुमच्याकडून काही मागतो आहे, ते तपासा. लगेच पैसे मागणारी, घाई करणारी, कुणाला सांगू नकोस म्हणणारी हाक देवाची समजू नका.

प्रश्न (काणकोण) : वडिलांनी देवाला कोंबडा बोलला होता. आम्ही आता मांसाहार करत नाही. काय करावं?

उत्तर : कोहळा द्यावा. बळीऐवजी कोहळा कापायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्ण पिकलेला, पांढरी पूड धरलेला, डागाशिवायचा घ्या. पण मुकाट्याने बदली करू नका. आधी त्याच देवस्थानात विचारा, तिथली रीत काय ते गुरव सांगेल. मग गाऱ्हाण्यात स्पष्ट म्हणा की कोंबडा बोललेला होता, त्याच्या जागी हा कोहळा देतो, मान्य करून घे. कापायच्या आधी कुंकू लावतात, कापल्यावर दोन्ही फोडी देवाच्या दोन बाजूंना ठेवतात. वडील हयात असतील तर त्यांना बरोबर न्या, शब्द त्यांचा आहे.